आडवी लावलेली गाडी

निरंजनने मान वळवून एकदा मागे पाहिलं, गाडी रिव्हर्स घेतली आणि रंगविश्व हॉटेलच्या फाटकात सरळ आडवी लावली. इंजिन बंद केलं. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

"आता बघू कोण आत जातं नि कोण बाहेर येतं," तो म्हणाला.

मागच्या सीटवरून जुई पुढे वाकली. "बाबा, आता आत जायचं ना?"

"जायचंय गं. पाच मिनिटांचं काम आहे."

पहाटे अंधारात नाशिक सोडलं होतं. कसारा घाट, भिवंडीचे खड्डे, पनवेलचा उकाडा असं सगळं करत भर मे महिन्यात, भर दुपारी आम्ही पनवेलपुढच्या घाटाच्या पायथ्याशी येऊन पोचलो होतो. जुईला दहावं लागलं तेव्हा निरंजनने तिला कबूल केलं होतं, की या सुट्टीत रंगविश्व. तिथले पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि राहायचं ते तिथल्याच हॉटेलात. खोलीच्या खिडकीतून मोठा पाळणा दिसतो म्हणे. मार्चमध्येच पैसे भरून बुकिंग झालं होतं.

फाटकावरच्या रखवालदाराने काचेतून एक छापील कागद आत सरकवला तिथून सगळं सुरू झालं. या महिन्यापासून हॉटेलात उतरणाऱ्यांनाही गाडी लावायचे वेगळे पैसे. एका रात्रीचे, एका गाडीचे पाचशे. निरंजनने कागद वाचला, गाडी तिथेच सोडून तो आत स्वागतकक्षात गेला. आम्ही त्याच्यामागे.

आत नुसता गोंधळ होता. काउंटरच्या मागे एक विशीतली मुलगी उभी होती, छातीवर 'सायली' नावाची पट्टी. तिच्यासमोर पंधरावीस जण एकदम बोलत होते. एक गुजराती जोडपं म्हणत होतं, आमची गाडी आम्ही बाहेर हमरस्त्यावर लावतो. ती सांगत होती, तिथे पोलीस उचलून नेतात सर. काळा गॉगल डोक्यावर चढवलेला एक उंच माणूस काउंटरवर हात आपटत होता. एका बाईंनी शांतपणे पैसे भरले, चावी घेतली आणि त्या निघून गेल्या, तर सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले जसं काही त्यांनीच दर वाढवला.

"आम्ही मार्चमध्ये बुकिंग केलंय," निरंजन म्हणाला. "तेव्हा हे नव्हतं. आम्हाला कुणी कळवलं?"

"सर, वेबसाइटवर टाकलंय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात, सर."

"म्हणजे पैसे घेऊन झाल्यावर. हा पार्क आडरानात आहे. इथे माणूस गाडीशिवाय येणार कसा? उडत? उद्या जिन्याचे वेगळे पैसे लावाल."

लोक हसले. सायलीचे डोळे भरून आले होते, पण ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली, "सर, वरून आलंय. माझ्या हातात नाही."

निरंजन आवाज न चढवता बोलायचा. एसी विकायचा धंदा होता आमचा, नाशिकला, शरणपूर रोडला दुकान. त्याचं बोलणं ऐकून गिऱ्हाईक खुर्चीत जरा सैल होऊन बसायचं. त्या दिवशीही तेच झालं. तो बोलायला लागला आणि बाकीचे हळूहळू गप्प झाले. त्याच्या मागे उभे राहिले.

त्यातच खैरमोडे होते. कोरेगावकडचे, मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. पन्नाशीचे असतील. अंगात नवीन पट्ट्यापट्ट्यांचा टीशर्ट, घडीच्या खुणा अजून तशाच. दोन गाड्या भरून माणसं आणली होती त्यांनी. भाऊ, भावजय, मुली, पुतणे, आणि म्हातारी आई. बसायला जागा नव्हती म्हणून आईला सामानाच्या पितळी ट्रॉलीवर बसवलं होतं आणि दोन नाती ती ट्रॉली हलकेच मागेपुढे करत होत्या. म्हातारीला मजा वाटत होती.

"सायेब," खैरमोडे निरंजनला म्हणाले, "आमच्या दोन गाड्या. दोन राती. आमचं गणितच कोलमडलं. मी म्हनत होतो एक गाडी पनवेलला मेव्हन्याकडं लावून येतो. पर तुमी बोलताय ते बराबर हाय. तुमी बोला, आमी संगं हाय."

"तुम्ही कुठे जाऊ नका," निरंजन म्हणाला. "एकट्याने मान वाकवली की सगळ्यांची वाकते."

आणि तो बाहेर आला, त्याने आम्हाला गाडीत बसवलं आणि गाडी आडवी घातली.

नंतर सगळं भराभर झालं. खैरमोड्यांच्या दोन्ही गाड्या आमच्या गाडीला लागून उभ्या राहिल्या. गॉगलवाल्याने आपली मोठी गाडी बाहेर पडायच्या वाटेवर लावली. पार्कच्या पाहुण्यांना घेऊन आलेली एक बस मागे अडकली. तिच्यामागे आणखी गाड्या. हॉर्न, शिव्या, तापलेल्या पत्र्यांचा वास. सावली कुठेच नव्हती. जुईच्या डोक्यावर मी ओढणी धरली होती. बसमधल्या बायका खिडकीतून ओरडत होत्या, "अहो, लहान मुलं आहेत आत!" आणि निरंजन हात उंचावून त्यांना सांगत होता, "ताई, हे तुमच्यासाठीच चाललंय. पुढच्या वेळी तुमच्याकडूनही घेतील."

मला भीती वाटत होती, पण अभिमानही वाटत होता. दोन वर्षं दुकान बसलेलं. मोठ्या कंपन्यांनी आमच्याच गल्लीत शोरूम टाकले होते. निरंजन संध्याकाळी घरी यायचा आणि टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसायचा. तो माणूस आज मला ताठ उभा दिसत होता.

मग मॅनेजर बाहेर आले. लोपीस त्यांचं नाव. वसईचे. पंचेचाळिशीचे, सडपातळ, शर्ट पाठीला चिकटलेला. गर्दीला काही बोलले नाहीत, थेट निरंजनकडे आले.

"सर, दोन मिनिटं माझ्या केबिनमध्ये येता? बसून बोलू."

"इथेच बोला. सगळ्यांसमोर."

"इथे कुणाला काही ऐकू येत नाहीये, सर. प्लीज." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्हीही या. उन्हात नका उभ्या राहू."

गॉगलवाला म्हणाला, "जा लीडर, जा. आम्ही हलत नाही इथून."

खैरमोड्यांच्या आईने जुईला हाताला धरून दाराशी आपल्या ट्रॉलीवर बसवून घेतलं. "ऱ्हाऊ दे लेकीला माझ्यापाशी," म्हणाली. आम्ही आत गेलो.

केबिन लहानशी होती. टेबलावर सरबताचे ग्लास आले. लोपीसांनी दार लावलं तसा बाहेरचा आवाज एकदम बारीक झाला.

"सर, सरळ सांगतो," ते म्हणाले. "तुमचे पार्किंगचे पैसे मी माझ्या अधिकारात माफ करतो. खोलीही वरच्या मजल्यावरची देतो. गाडी काढा."

"मी एकट्यासाठी भांडत नाहीये," निरंजन म्हणाला.

त्या क्षणी मला त्याचा हात धरावासा वाटला. खरंच.

लोपीसांनी डोळे मिटून घेतले. "मालक यायचेत आज. नव्या इमारतीची पाहणी आहे. फाटकात हे असं दिसलं तर माझं काही खरं नाही."

"तो तुमचा प्रश्न आहे. पण पैसे भरून बुकिंग केलेल्या माणसांना तुम्ही..." बोलता बोलता निरंजन थांबला. त्याने वर पाहिलं. भिंतीवरचा एसी घरघरत होता, कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं, खाली बादली ठेवलेली. "हा सर्व्हिसिंगला कधी दिला होता?"

"तो नुसता आवाज करतो. सगळ्या हॉटेलात तीच तक्रार आहे."

"गॅस कमी असेल. आणि पाइपचा उतार चुकलाय, म्हणून पाणी मागे येतंय." तो उठून अगदी जवळ जाऊन बघून आला. सवयच होती ती. "कुणी बसवला?"

"मुंबईची पार्टी आहे. फोन उचलत नाहीत." लोपीस जरा पुढे वाकले. "तुम्ही यातलेच का?"

निरंजनने पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अगदी साधेपणाने. त्याच्या मनात तेव्हा काही नव्हतं, हे मी आजही सांगू शकते.

लोपीसांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग ते टेबलावर ठेवून दोन बोटांनी सरळ केलं.

"नव्या इमारतीत साठ खोल्या आहेत," ते म्हणाले. "सगळ्या खोल्यांत एसी लागणार. कोणाला बोलवायचं ती नावं मीच वर पाठवतो."

बादलीत थेंब पडत होते. बाहेर बसने मोठा हॉर्न दिला.

"मी कसला शब्द देत नाहीये," लोपीस म्हणाले. "नाव पाठवीन, एवढंच. आणि मला फाटक मोकळं हवंय. ते आता फक्त तुमच्याच बोलण्याने होईल."

निरंजन खुर्चीत मागे टेकला. सरबताचा ग्लास त्याने तोवर हातात घेतला नव्हता, तो उचलला.

"काय सांगू त्यांना?"

"सांगा की आत्ता पैसे भरा, जाताना परत मिळतील."

"आणि मिळतील?" मी विचारलं.

केबिनमध्ये आल्यापासून लोपीसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. थकलेला माणूस होता तो. वाईट नव्हता.

"मॅडम, माझ्या हातात असतं तर मी घेतलेच नसते," ते म्हणाले. "दोन दिवसांनी ज्याची त्याची घरी जायची घाई असते. काहीजण विचारतील, थोडी बोलाचाली होईल. पण असं फाटक अडवून कुणी बसणार नाही."

निरंजनने सरबत संपवलं.

बाहेर यायला एक लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना बंद दारं, गालिच्यावर आमच्या पावलांचा आवाजही येत नव्हता. अर्ध्यात निरंजन थांबला आणि त्याने माझा खांदा धरला.

"साठ खोल्या, मंजिरी," तो म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत असं काही होतं जे मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा असायचं, दुकान उघडलं त्या दिवशी होतं. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं मीही खूश झालेय. त्याने खांदा थोपटला आणि तो पुढे निघाला.

बाहेर सगळे वाटच बघत होते. निरंजन पायरीवर उभा राहिला. हॉर्न थांबले.

"ऐका," तो म्हणाला. "मॅनेजरसाहेबांशी सविस्तर बोलणं झालंय. नियम मुंबईहून आलाय, तो इथे उभ्या उभ्या बदलता येत नाही, ही त्यांची अडचण आहे. आपण समजून घेऊ. तेव्हा आत्ता प्रत्येकाने पैसे भरायचे. आणि जाताना, बिलाच्या वेळी, ते सगळे आपल्याला परत मिळणार. पूर्ण. त्यांनी मला शब्द दिलाय."

"नक्की ना?" गॉगलवाल्याने विचारलं.

"मी इथेच आहे ना दोन दिवस? नाही मिळाले तर मला धरा."

लोक हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बसमधल्या बायकांनीही. गॉगलवाल्याने येऊन निरंजनला मिठी मारली. खैरमोड्यांची आई ट्रॉलीवरून उतरून हळूहळू चालत आली, तिने दोन्ही हात निरंजनच्या गालांवरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "लई मोठा हो, बाबा," म्हणाली. निरंजन वाकून तिच्या पाया पडला.

गाड्या हलल्या. आमची गाडी आत झाडाखाली जाऊन उभी राहिली. बस पुढे गेली. लोक पुन्हा काउंटरपाशी आले, पण आता रांगेत, हसत. खैरमोडे रांगेत सर्वांत पुढे होते. "पनवेलला जायचं वाचलं," ते पुतण्याला सांगत होते. "दोनी गाड्या हितंच लाव. परत मिळायचंच हैत पैसं."

मी खांबाला टेकून उभी होते. काहीच करायचं माझ्या मनात नव्हतं. मी स्वतःला समजावत होते, की पाचशे रुपयांनी कुणी मरत नाही. इथे येऊ शकणारे लोक आहेत. आणि आमचं दुकान. जुईची शाळा. निरंजनचे ते डोळे.

जुई खैरमोड्यांच्या एका नातीशी बोलत होती. दोघींची चांगलीच गट्टी जमली होती तोवर. ती मुलगी म्हणाली, "तुझं बाबा पुढारी हैत का?"

"नाही गं," जुई म्हणाली. "माझे बाबा असेच आहेत. कुणी फसवलं ना, की ते सोडत नाहीत."

खैरमोड्यांनी पाकीट उघडलं होतं.

"थांबा," मी म्हणाले.

आवाज माझा होता, पण इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. काउंटरवरची सायलीसुद्धा दचकली.

"काका, पैसे भरायचे तर भरा. पण ते परत मिळणार नाहीयेत."

खैरमोडे वळले. "काय म्हनता, ताई?"

"परत मिळणार नाहीत. मी आत होते. मॅनेजरांनी तसं सांगितलंय. फाटक मोकळं व्हावं म्हणून तुम्हाला हे सांगितलं गेलं."

निरंजन काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. तो हळूहळू माझ्याकडे आला. चेहऱ्यावर राग नव्हता. हसू होतं, दुकानात एखादं गिऱ्हाईक बिथरलं की यायचं तसं.

"मंजिरी, तुझा काहीतरी गैरसमज झालाय," तो मऊ आवाजात म्हणाला. "तू नीट ऐकलं नाहीस."

"मी तुझ्या शेजारी बसले होते."

"उन्हाने दमलीयस तू. चल, वर जाऊ."

"निरंजन, मी विचारलं त्यांना. मिळतील का म्हणून. तू ऐकलंस ते काय म्हणाले ते."

"आणि तुम्हाला काय मिळालं, लीडर?" गॉगलवाल्याने मागून विचारलं.

निरंजनने नजर वळवली. साठ खोल्यांचं मीही सांगितलं नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नसतं. पण बोलायची गरज उरली नाही. आत्ताच मिठी मारणाऱ्या त्या माणसाने निरंजनची कॉलर धरली आणि त्याला खांबावर आदळलं. कुणीतरी ओरडलं, "हाणा साल्याला!" माणसं पुढे सरकली. जुईची किंकाळी मला ऐकू आली. हे मी केलं होतं.

मी मध्ये घुसायला गेले, पण माझ्याआधी खैरमोडे घुसले होते. मंडपाचे बांबू उचलणारे हात होते ते. त्यांनी गॉगलवाल्याचं मनगट धरून कॉलर सोडवली.

"हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "बायकू, पोर हाय संगं. त्यास्नी बघून तरी."

"तुम्हालाच फसवत होता तो, काका!"

"माझं मी बघतो. तुमी मागं व्हा."

गर्दी थबकली. निरंजनच्या शर्टाची दोन बटणं तुटली होती. तो कुणाकडेच बघत नव्हता, फक्त माझ्याकडे बघत होता. तोवर लोपीस धावत आले होते. खैरमोडे त्यांच्याकडे वळले.

"सायेब, तुमीच सांगा. परत देनार हाय का न्हाई?"

लोपीसांनी निरंजनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं पुरेसं होतं. रांगेतले लोक एक एक करून बाहेर निघाले, आपापल्या गाड्यांकडे. फाटक पुन्हा अडणार हे उघड होतं, आणि या वेळी ते बोलून सुटलं नसतं.

लोपीसांनी खिशातून फोन काढला. सगळ्यांच्या देखत त्यांनी मालकांना फोन लावला. पलीकडचं ओरडणं आम्हाला ऐकू येत होतं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "सर, ज्यांनी आधी पैसे भरून बुकिंग केलंय त्यांच्याकडून घेऊ नये असं माझं मत आहे. नाहीतर तुम्ही येऊन स्वतः बघा. मला हे सांभाळता येणार नाही." पुष्कळ वेळ गेला. तिकडून फोन बंद झाला, पुन्हा आला. शेवटी ते सायलीला म्हणाले, "या महिन्याच्या आधी बुकिंग असेल त्यांचं पार्किंग घेऊ नकोस."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

निरंजन झाडाखाली गाडीत जाऊन बसला होता. मी काचेपाशी गेले. त्याने काच खाली केली.

"आपल्याच घरावर निखारे टाकलेस तू," तो म्हणाला. "त्या लोकांचं काय गेलं असतं? आणि आपलं काय आलं असतं, विचार केलास?"

"केला."

"मी स्वतःच्या मजेसाठी करत होतो का? तुमच्या दोघींसाठी..."

"माहितीये मला."

तो रडेल असं वाटलं, पण रडला नाही. त्याने आमच्या दोन बॅगा मागून काढून खाली ठेवल्या. "तुम्ही राहा. जुईची सुट्टी खराब नको. मला इथे तोंड दाखवता येणार नाही." गाडी फाटकातून बाहेर पडली, हमरस्त्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

ते दोन दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मी जुईला प्रत्येक पाळण्यात बसवलं. ती बसली. एकदाही हसली नाही. मोठ्या पाळण्यात अगदी वर गेल्यावर तिने विचारलं, "बाबा खोटं बोलले?" मी हो म्हणाले. "मग तू का सांगितलंस?" तिने विचारलं. पाळणा खाली यायला लागला. परत निघताना खैरमोड्यांनी आम्हाला त्यांच्या गाडीत दाटीवाटीने बसवून पनवेलच्या स्टँडवर सोडलं. वाटेत त्या विषयावर त्यांच्यापैकी कुणी एक अक्षर काढलं नाही. म्हातारीने नुसता माझा हात मांडीवर धरून ठेवला होता.

नाशिकला पोचलो तेव्हा निरंजनने दार उघडलं. तो घरी होता, एवढंच मला पुरे होतं. भाताचा कुकर लावला होता त्याने. पण तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतर कित्येक आठवडे नाही. लागेल तेवढंच. दूध आलं का, गॅस संपला. त्याच्या आईने, माझ्या भावाने, ज्यांना कळलं त्यांनी सगळ्यांनी मलाच बोल लावला. नवऱ्याची चारचौघांत अब्रू घालवली म्हणून.

साठ खोल्यांचं काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. लोपीस नंतर तिथून गेले असं ऐकलं. कुठे, ते माहीत नाही. पुढच्या वर्षी आमचं दुकान बंद झालं. ते कदाचित तरीही झालंच असतं. निरंजनने पिंपळगावला द्राक्षांच्या एका शीतगृहात यंत्रं सांभाळायची नोकरी धरली. मी एका डॉक्टरांकडे पेशंटची नावं घ्यायला बसू लागले. हळूहळू बोलणं परत आलं, आधी जुईच्या निमित्ताने, मग असंच. एकदा शीतगृहातलं तापमान बिघडून द्राक्षं सडली, आणि त्याचं खापर शेतकऱ्यांच्या मालावर फोड असं मालकाने त्याला सांगितलं, तेव्हा तो दोन दिवस कामावर गेला नाही. मला त्याने कारण सांगितलं नाही. ते मला त्याच्या सोबत काम करणाऱ्याच्या बायकोकडून कळलं. तिसऱ्या दिवशी मालकानेच त्याला बोलावून घेतलं.

त्या दिवसाबद्दल मात्र आम्ही कधीच बोललो नाही. जुई अठरा वर्षांची झाली, पुण्याला कॉलेजात गेली. तिला वसतिगृहात सोडून आम्ही दोघं परत येत होतो. गाडीत मागची सीट रिकामी, दोघांनाही काही सुचत नव्हतं. नारायणगावच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो. बाकावर बसलो. समोरून टोमॅटोचे टेम्पो जात होते.

"एक विचारू?" निरंजन म्हणाला.

"विचार."

"तिथे, केबिनमधून बाहेर आल्यावर, त्या बोळात आपण दोघंच होतो. मी तुझ्याशी बोललोही. तेव्हाच का नाही थांबवलंस मला? एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतंस. एवढ्या माणसांसमोर..."

त्याला इतकी वर्षं हेच सलत होतं तर. साठ खोल्यांचं नव्हे, तुटलेल्या बटणांचंही नव्हे. मी ग्लास बाकावर ठेवला. उत्तर मला त्या बोळातच माहीत होतं, फक्त ते त्याला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

"तिथे थांबवलं असतं," मी म्हणाले, "तर तू मला पटवलं असतंस."

एक टेम्पो गेला, मग दुसरा. मला वाटलं, झालं, आता परत दूध आणि गॅस एवढंच बोलणं उरणार.

"हो," तो शेवटी म्हणाला. "पटवलंच असतं."

मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाला, "आणि तू गप्प बसली असतीस. आयुष्यभर." आणि उठून माझ्यासाठी आणखी एक चहा सांगायला गेला.